मराठी चित्रपुस्तकासाठी अक्षरवळण कसे निवडावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत मराठी चित्रपुस्तकांची मांडणी करताना लेखक, चित्रकार, छोटे प्रकाशक आणि पहिलेच पुस्तक स्वखर्चाने छापू पाहणारे पालक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्नांची भाषा शक्य तितकी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरे तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या छापील पुस्तकांना धरून आहेत.

१. चित्रपुस्तकात चित्रच महत्त्वाचे असते. मग अक्षरांचा एवढा विचार कशासाठी करायचा?

मोठी माणसे ओळखीचा शब्द एका नजरेत उचलतात. वाचायला नुकतेच लागलेले मूल मात्र एकेक अक्षर ओळखते, त्याला काना-मात्रा जोडते आणि मग शब्द उच्चारते. त्याच्या दृष्टीने ‘भ’च्या शिरोरेषेतली फट किंवा ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ हा अक्षराची ओळख पटवणारा पुरावा असतो, आणि तो पुरावा पुसट असेल तर ते अडखळते व चूक स्वतःची आहे असे समजते. शिवाय चित्रपुस्तकाला बहुधा दोन वाचक असतात. आजी किंवा बाबा पुस्तक हातभर अंतरावर धरून मोठ्याने वाचतात, आणि मांडीवरचे मूल चित्राबरोबर अक्षरांचे आकारही न्याहाळत असते. अक्षरवळण या दोघांनाही सोयीचे असावे लागते.

२. नेमके कोणते फाँट घ्यावेत? नावे सांगा.

सलग मजकुरासाठी मी बहुतेक वेळा ‘मुक्ता’पासून सुरुवात करते. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने तो घडवला आहे. त्याची सात वजने, म्हणजे रेषांच्या हलक्या-ठळकपणाच्या सात पायऱ्या, उपलब्ध आहेत आणि अक्षरांची पोटे मोकळी आहेत. पारंपरिक, जाड-बारीक रेषांचे वळण हवे असेल तर ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहावा. पानावर दोन-तीनच ओळी असतील आणि पुस्तकाचा स्वभाव खेळकर असेल, तर ‘एक टाइप’चाच ‘बालू २’ चांगला दिसतो. ‘मोदक’ हा नावाप्रमाणेच गुबगुबीत फाँट आहे, परंतु त्यातल्या अक्षरांच्या पोटात जवळजवळ जागाच उरत नसल्यामुळे तो मुखपृष्ठावरच्या नावापुरताच वापरावा.

विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ अनेक जण हाताशी आहे म्हणून वापरतात. र. कृ. जोशी यांच्यासारख्या थोर अक्षरकाराने तो रचला, परंतु पडद्यावर वाचण्यासाठी रचला. छापील चित्रपुस्तकासाठी त्याहून योग्य पर्याय आज विनामूल्य मिळतात.

ही नावे सुरुवातीपुरती आहेत. आपल्या मजकुरावर प्रश्न ३ मधली चाचणी केल्याशिवाय यांतला कोणताही फाँट पक्का करू नये.

३. दोन-तीन फाँट आवडले आहेत. त्यांतला एक कसा ठरवायचा?

मुले ज्या अक्षरांत गोंधळतात, ती अक्षरे शेजारी-शेजारी छापून पाहावीत. देवनागरीत अशा जोड्या ठरलेल्या आहेत: भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, ब आणि व, ष आणि प, ड आणि ङ. सुटी अक्षरे छापण्यापेक्षा अर्थपूर्ण शब्दांच्या जोड्या घ्याव्यात, कारण मूल अर्थाच्या आधारानेही वाचत असते आणि दोन्ही शब्द शक्य असतील तेव्हाच अक्षराची खरी परीक्षा होते. ‘भाऊ’ आणि ‘माऊ’, ‘घार’ आणि ‘धार’, ‘बेल’ आणि ‘वेल’, तसेच ‘खा’ आणि ‘रवा’ या जोड्या मी नेहमी वापरते. शेवटची जोडी विशेष उपयोगी आहे, कारण ज्या फाँटमध्ये ‘ख’ची शेपटी पुढच्या ‘व’ला नीट जोडलेली नसते, त्यात ‘खा’ सरळ ‘रवा’ वाचला जातो.

छपाई पुस्तकाच्या प्रत्यक्ष आकारात आणि शक्यतो त्याच कागदावर करावी. पडद्यावर मोठे करून पाहिलेले अक्षर फसवते. मॅपलिथोसारख्या शोषक कागदावर शाई पसरते आणि ‘भ’ व ‘ध’च्या शिरोरेषेतली बारीक फट बुजते. माझ्या एका पुस्तकात गोलसर, ठळक फाँट १८ पॉइंटात घेतला होता. पडद्यावर तो गोड दिसत होता, पण पहिल्या प्रूफावर, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या छापील प्रतीवर, सहा वर्षांच्या मुलीने ‘घार उडाली’ हे ‘धार उडाली’ असे वाचले आणि मग कितीतरी वेळ चित्रात पाणी शोधत बसली. ‘ध’ची फट बुजलेली असल्यामुळे तिने आधीच्या पानांवर दोन्ही अक्षरे एकसारखीच पाहिली होती. आम्ही एक पायरी हलके वजन घेतले आणि अडचण संपली.

चाचणीला दोन-तीन मुले पुरतात. त्यांना ‘कोणते अक्षर आवडले’ असे विचारू नये, फक्त मोठ्याने वाचू द्यावे आणि ती कुठे थांबतात त्याची पेन्सिलीने खूण करावी.

४. आमच्या फाँटमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे येतात. चालेल का?

मराठी पुस्तकात चालवून घेऊ नये, आणि लहान मुलांच्या पुस्तकात तर मुळीच नाही. महाराष्ट्र शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ हीच रूपे स्वीकारली आहेत. शाळेत शिकवलेले रूप पुस्तकात भेटले नाही, तर मुलाला तेच अक्षर दोनदा शिकावे लागते.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, दोन्ही रूपांना संकेतांक एकच आहे. कोणते रूप दिसणार हे फाँट ठरवतो. अनेक फाँटमध्ये हिंदी रूप आपोआप येते आणि मराठी रूप आत दडलेले असते. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली की ते वर येते. सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसेल, तर ‘टिरो देवनागरी मराठी’सारखा मुळातच मराठी रूपे असलेला फाँट घ्यावा. त्याच संचात हिंदी आणि संस्कृतसाठी वेगळे फाँट आहेत, त्यामुळे डाउनलोड करताना नाव नीट पाहावे. भाषा बदलल्यावर अंकही एकदा तपासावेत.

जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे खिळे याच शहरात घडले आणि देवनागरीच्या छपाईत त्यांनी दीर्घकाळ मान मिळवला. त्या मुंबईत छापलेल्या मराठी पुस्तकात परके ‘ल’ पाहिले की मला खरोखर वाईट वाटते.

५. अक्षराचा आकार किती पॉइंट ठेवावा?

केवळ पॉइंट सांगून भागत नाही. देवनागरीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार यांसाठी जागा राखावी लागते, म्हणून एकाच पॉइंटातले दोन फाँट प्रत्यक्षात लहान-मोठे दिसतात. पट्टी घेऊन छापील ‘क’ची शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची मोजावी. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ती पाच मिलिमीटरच्या आसपास असावी. बहुतेक फाँटमध्ये त्यासाठी २२ ते २८ पॉइंट लागतात. सहा ते आठ वर्षांच्या, स्वतः वाचणाऱ्या मुलांसाठी साधारण चार मिलिमीटर, म्हणजे १८ ते २० पॉइंट, पुरेसे होतात. जागा पुरत नाही म्हणून एखाद्याच पानावर आकार कमी करू नये, त्याऐवजी त्या पानावरचे एखादे वाक्य गाळावे. चित्रात जे दिसते आहे ते पुन्हा सांगणारे वाक्य बहुधा सापडतेच.

६. दोन ओळींत किती अंतर असावे?

अक्षराच्या पॉइंटाच्या दीडपट अंतरापासून सुरुवात करावी, म्हणजे २४ पॉइंटाला ३६. मग आपल्या मजकुरातला सर्वात अडचणीचा प्रसंग शोधावा. वरच्या ओळीत ‘धूळ’, ‘झाडू’, ‘कृपा’ यांसारखे शब्द आणि त्यांच्या बरोबर खाली ‘सर्वांनी’ किंवा ‘पैंजण’ आले, की उकार आणि रफार एकमेकांना भिडतात का ते दिसते. भिडत असतील तर संपूर्ण पुस्तकाचे अंतर वाढवावे.

७. मजकूर दोन्ही कडांना सरळ बसवावा का? आणि ओळ कुठे तोडावी?

डावी कड सरळ आणि उजवी मोकळी ठेवावी. दोन्ही कडा सरळ करायच्या तर मोठ्या अक्षरांच्या छोट्या ओळीत शब्दांमध्ये खिंडारे पडतात. काही सॉफ्टवेअर ती भरण्यासाठी अक्षरांमधले अंतर ताणतात, आणि तसे झाले की शिरोरेषा तुटते व शब्दाचा शब्दपणाच जातो. याच कारणासाठी ‘हवेशीर दिसावे’ म्हणून देवनागरीत अक्षरांमधले अंतर वाढवू नये.

ओळ अर्थाच्या तुकड्यावर हाताने तोडावी. ‘माऊ हळूच खिडकीतून आत’ आणि खाली एकटेच ‘आली’, असे तोडल्यास मोठ्याने वाचणाऱ्याचा सूर चुकतो. ‘माऊ हळूच’ आणि खाली ‘खिडकीतून आत आली’, असे तोडले की थांबा आपोआप योग्य जागी येतो. शब्द तोडून पुढच्या ओळीवर नेण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये बंद करावी.

८. जोडाक्षरे एकाखाली एक असावीत की पाय मोडून सुटी?

या प्रश्नावर जाणकारांतही मतभेद आहेत. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत ‘शुद्‌ध’, ‘विद्‌यार्थी’ अशी पाय मोडलेली रूपे दिसतात आणि पहिली-दुसरीतल्या मुलाच्या डोळ्यांना त्यांची सवय असते. घरातल्या इतर पुस्तकांत, दुकानांच्या पाट्यांवर आणि वर्तमानपत्रांत मात्र ‘शुद्ध’, ‘विद्यार्थी’ हीच रूपे भेटतात. माझे मत असे आहे की मुलाने स्वतः वाचायचे पुस्तक असेल तर पाठ्यपुस्तकाशी जुळवून घ्यावे आणि मोठ्यांनी वाचून दाखवायचे असेल तर प्रचलित जोडरूप ठेवावे. दोन्ही पद्धती एकाच पुस्तकात मिसळू नयेत.

पाय मोडलेले रूप हवे असेल, तर हलन्त चिन्हानंतर न दिसणारे, शून्य रुंदीचे विभाजक चिन्ह घालावे लागते. ते घातले की ऱ्हस्व वेलांटीची जागाही बदलते. ‘बुद्धिमान’मध्ये वेलांटी पूर्ण जोडाक्षराच्या आधी येते, तर ‘बुद्‌धिमान’मध्ये ती केवळ ‘ध’च्या आधी येते. हा बदल चूक नाही, पण प्रूफ वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवावा, नाहीतर तो प्रत्येक ठिकाणी लाल खूण करील.

९. ‘ऱ्या’ आणि ‘ॲ’ नीट उमटत नाहीत. असे का होते?

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘ऱ्य’मधला आडवा, पापणीसारखा अर्धा ‘र’ मराठीला अत्यावश्यक आहे, परंतु केवळ हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या काही फाँटमध्ये तो नीट रचलेला नसतो. ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’, ‘पायऱ्या’, ‘म्हाताऱ्या’ हे शब्द छापून पाहावेत. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र संकेतांक २००८ साली मिळाला, म्हणून त्याआधीच्या फाँटमध्ये ‘ॲम्ब्युलन्स’ लिहिताच चौकट किंवा ठिपक्यांचे वर्तुळ दिसू शकते. दुसऱ्या फाँटमधून एकच अक्षर उसने आणण्यापेक्षा फाँटच बदलणे श्रेयस्कर.

१०. चित्रावरच मजकूर छापायचा आहे. काय काळजी घ्यावी?

सर्वात मोठी काळजी चित्र काढण्याच्या आधी घ्यावी लागते. कच्च्या आराखड्यातच मजकूर त्याच्या खऱ्या आकारात बसवून चित्रकाराला द्यावा, म्हणजे आकाश, भिंत किंवा वाळू अशी शांत जागा तो मजकुरासाठी मोकळी ठेवील. रंगलेल्या चित्रात नंतर जागा शोधली, की मजकूर झाडाच्या पानांच्या गर्दीवर किंवा लोकलच्या खिडक्यांवर चढतो आणि त्याच्यामागे पांढरी पट्टी घालण्याची वेळ येते. ती पट्टी चित्रकाराच्या कामाचा अपमान करते, असे माझे स्पष्ट मत आहे.

छपाईच्या दृष्टीने, काळा मजकूर केवळ काळ्या शाईत, शंभर टक्के आणि ओव्हरप्रिंट, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापला जाईल असा, ठेवावा. चार रंग मिसळून केलेल्या काळ्यात प्रत्येक रंगाची प्लेट (छपाईचा पत्रा) वेगळी असते, आणि त्या केसभर जरी सरकल्या तरी अक्षरांना रंगीत कडा दिसतात. मजकूर फक्त काळ्या प्लेटवर असण्याचा आणखी एक लाभ असा की पुढे त्याच पुस्तकाची गुजराती किंवा हिंदी आवृत्ती एकत्र छापायची झाली, तर एकच प्लेट बदलावी लागते आणि उरलेल्या तीन तशाच राहतात.

गडद रंगावर पांढरी अक्षरे ठेवायची असतील, तर नेहमीपेक्षा एक-दोन पायऱ्या ठळक वजन घ्यावे, कारण भोवतालची शाई आत शिरून बारीक रेषा खाते. जाड-बारीक रेषांचे बोरूच्या वळणाचे फाँट येथे टाळावेत. समोरासमोरच्या पानांवर पसरलेल्या चित्रात मजकूर मधल्या घडीपासून किमान पंधरा मिलिमीटर दूर असावा.

११. पुस्तकाचे नाव हाताने लिहून घ्यावे की फाँटमध्ये ठेवावे?

शक्य असेल तर हाताने लिहून घ्यावे. मराठी रंगभूमीवर कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांचे जे अक्षरांकन केले, त्यात नाव वाचताक्षणीच नाटकाचा स्वभाव कळत असे, आणि तोच गुण चित्रपुस्तकाच्या मुखपृष्ठालाही हवा असतो. चित्रकारानेच आपल्या कुंचल्याने नाव लिहिले तर ते चित्रात सर्वात चांगले मिसळते, मात्र वेलांटी-उकार तपासूनच ते स्वीकारावे. आतला मजकूर हाताने लिहून घेणे क्वचितच साधते, कारण पुढे एक शब्द बदलायचा झाला तरी संपूर्ण ओळ पुन्हा लिहावी लागते. गोष्टीत एखादे पत्र किंवा चिठ्ठी असेल तर तेवढ्यापुरता ‘कलम’सारखा हस्ताक्षरी वळणाचा फाँट शोभतो.

१२. पुस्तक मराठी-इंग्रजी असे द्विभाषिक आहे. दोन्ही लिप्या कशा जुळवाव्यात?

‘मुक्ता’ किंवा ‘बालू २’ यांसारखा दोन्ही लिप्यांचा एकत्र विचार करून रचलेला फाँट घेतल्यास निम्मे काम होते. तरीही पॉइंट समान ठेवण्याचा आग्रह धरू नये. दोन्ही ओळी छापून, डोळे किंचित मिटून पाहाव्यात आणि पानावर दोघींचा काळेपणा सारखा दिसेपर्यंत आकार जुळवावा. इंग्रजी ओळीला देवनागरीइतके अंतर लागत नाही, पण दोन्ही मजकूर शेजारी असतील तर अंतर देवनागरीच्या गरजेप्रमाणेच ठेवावे.

१३. जोर देण्यासाठी शब्द तिरका करावा का?

करू नये. तिरक्या अक्षरांची परंपरा देवनागरीत नाही आणि सॉफ्टवेअरने ढकललेले अक्षर पडल्यासारखे दिसते. शब्द ठळक करावा किंवा मोठा करावा. ‘धप्प’, ‘टप टप’, ‘भुर्रर्र’ असे आवाजाचे शब्द चित्राचाच भाग म्हणून चित्रकाराकडून काढून घ्यावेत.

१४. विनामूल्य फाँट विकाऊ पुस्तकात वापरता येतो का?

‘मुक्ता’, ‘बालू २’, ‘मोदक’, ‘टिरो देवनागरी मराठी’ आणि ‘कलम’ हे फाँट खुल्या फाँट परवान्याखाली आहेत. त्यांत छापलेले पुस्तक विकता येते, ई-पुस्तकात फाँट अंतर्भूत करता येतो आणि त्यासाठी शुल्क किंवा परवानगी लागत नाही. केवळ फाँटच सुटा विकण्याला मनाई आहे. श्रेयनामावलीत फाँटचे नाव देणे बंधनकारक नाही, पण ते द्यावे. विकत घेतलेल्या फाँटच्या बाबतीत छापील पुस्तक आणि ई-पुस्तक यांचे परवाने वेगवेगळे असू शकतात, म्हणून खरेदीपूर्वी अटी वाचाव्यात.

१५. आमच्याकडे सर्व ठीक दिसत होते, पण प्रेसमध्ये वेलांट्या सरकल्या. हे कसे टाळावे?

‘चि’ लिहिताना वेलांटीचा संकेत ‘च’नंतर साठवलेला असतो आणि ती ‘च’च्या आधी आणून ठेवण्याचे काम सॉफ्टवेअर करते. ते काम झाले नाही की ‘चिमणी’ची ‘चमिणी’ होते. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदासाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोजर’ हा पर्याय निवडलेला नसला तर नेमके हेच घडते. ही सोय २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून उपलब्ध आहे, मात्र ती प्रत्येक फाइलमध्ये तपासावी.

प्रेसला उघडी फाइल देऊ नये. फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ द्यावी, आणि प्रेसने मागितल्यास मजकूर ‘कर्व्ह’ केलेली, म्हणजे अक्षरांचे चित्रासारख्या आकारांत रूपांतर केलेली, वेगळी प्रत द्यावी. मूळ, दुरुस्त करता येईल अशी फाइल मात्र स्वतःजवळ जपावी. सुरुवातीच्या काळात मी एका पुस्तकाची उघडी फाइल दिली होती. प्रेसच्या संगणकावर तो फाँट नव्हता, दुसराच आपोआप आला, आणि घाईत अंतिम प्रूफ पाहायला मी गेले नाही. छापलेले दोन फर्मे (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचे मोठे ताव) रद्दीत गेले. तेव्हापासून पहिला फर्मा यंत्रावर असताना मी स्वतः तेथे उभी असते.

१६. वाचनात विशेष अडचण येणाऱ्या मुलांसाठी वेगळा फाँट असतो का?

इंग्रजीसाठी असे काही फाँट प्रसिद्ध आहेत, परंतु त्यांच्या चाचण्यांत वाचन सुधारल्याचे सातत्याने दिसलेले नाही. रोमन लिपीत अक्षरांमधले अंतर वाढवल्याने काही मुलांना मदत झाल्याचे मात्र आढळले आहे. तो उपाय देवनागरीत जसाच्या तसा आणता येत नाही. कारण प्रश्न ७ मध्ये दिले आहे. त्याऐवजी दोन शब्दांमधले अंतर थोडे वाढवावे, ओळी छोट्या ठेवाव्यात, प्रश्न ६ मधले अंतर आणखी सैल करावे आणि चकचकीत आर्ट पेपरऐवजी मंद, किंचित पिवळसर कागद घ्यावा. गोंधळाच्या जोड्यांची चाचणी येथे अधिक काटेकोरपणे करावी.

१७. वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचा मजकूर ‘श्री-लिपी’त आहे. तो नव्या फाँटमध्ये आणता येईल का?

येईल, पण फाँटचे नाव बदलून नाही. ‘श्री-लिपी’सारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत, म्हणून फाँट बदलताच मजकुराचा अर्थहीन रोमन गोंधळ होतो. आधी परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. परिवर्तनात रफार, ‘ऱ्य’, ‘ॲ’ आणि पाय मोडलेली जोडाक्षरे हमखास बिघडतात, त्यामुळे मूळ छापील प्रत शेजारी ठेवून शब्दन् शब्द पडताळावा. चित्रपुस्तकाचा मजकूर पाच-सहाशे शब्दांहून क्वचितच अधिक असतो. इतक्या मजकुरासाठी परिवर्तक शोधत बसण्यापेक्षा तो नव्याने टंकलिखित करणे मला सोपे आणि सुरक्षित वाटते. एक जण छापील प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा टंकतो. एका दुपारी काम पूर्ण होते आणि जुन्या आवृत्तीतल्या चुकाही त्याच बैठकीत हाती लागतात.